बिनपाण्याची हजामत

आमच्या घरात प्रवासाची बॅग भरताना शेवटची अडचण माझ्या दाढीची असते. कपडे, औषधं, आहेराची पाकिटं, ओटीचं सामान सगळं आत गेलेलं असतं, चेन तेवढी ओढायची राहिलेली असते आणि मी एका हातात रेझरची डबी, दुसऱ्या हातात चार्जिंगचं मशीन घेऊन बॅगेपुढे उभा असतो.

"अहो, काहीतरी एक ठरवा," बायको म्हणते. "पोराला मुलगी पसंत करायला एवढा वेळ लागला नव्हता."

तिचं खरं आहे. पण मुलीनं निदान आपणहून होकार कळवला होता. हे दोघं नुसते हातात बसून राहतात.

परवा कोल्हापूरला निघालो होतो, मेव्हण्याच्या मुलीच्या लग्नाला. सोमवारी हळद, मंगळवारी लग्न, म्हणून रविवारी रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस. आता बदलापूरच्या माणसाचा कोल्हापूरचा प्रवास उलट्या दिशेनं सुरू होतो. ही गाडी आमच्या घरावरून धडधडत जाते, पण बदलापूरला थांबत नाही. म्हणून आधी लोकलनं कल्याणला जायचं, तिथं ती पकडायची आणि पंधरा-वीस मिनिटांनी खिडकीतून आपलीच बिल्डिंग बघायची. गॅलरीतला दिवा चालू राहिलाय हे आमच्या हिला दरवेळी तिथंच दिसतं.

तर, मशीन की ब्लेड?

मराठी भाषेनं या प्रश्नाचा निकाल फार आधी लावून ठेवलाय. साहेबानं चारचौघांत झाडलं की माणूस जागेवर येऊन शेजारच्याला हळूच सांगतो, "आज आपली बिनपाण्यानं केली." काय केली हे बोलावं लागत नाही. पाणी नाही, साबण नाही, फेस नाही आणि कोरड्या गालावर वस्तरा, हा अपमानाचा कळस असं ज्या भाषेनं ठरवून टाकलं, त्याच भाषेच्या माणसापुढे दुकानदार काचेच्या कपाटातून एक यंत्र काढून ठेवतो आणि कौतुकानं सांगतो, "याला पाणी लागत नाही." आणि आपण त्याचे पैसे मोजतो.

आमच्या बाबांनी असले पैसे कधी मोजले नाहीत. ते अंबरनाथला विम्कोत होते, काड्यापेटीच्या कारखान्यात. त्यांचं रेझर स्टीलचं, तीन तुकड्यांचं. दांडा फिरवला की वरची टोपी सुटायची, तिच्यावर ब्लेड ठेवायचं, खालची दातेरी पट्टी बसवायची आणि दांडा पुन्हा आवळायचा. एवढं करताना ते कोणाशी बोलत नसत. गावाला जाताना ही सामग्री एका जुन्या पंचात गुंडाळून पिशवीच्या तळाशी जायची: रेझर, केस गळून टक्कल पडलेला ब्रश, अल्युमिनियमच्या वाटीत थापून बसवलेली साबणाची वडी, तुरटीचा खडा आणि निळसर मेणकागदातली दोन ब्लेडं. दोन अशासाठी की एक त्यांचं, आणि एक ज्याच्या घरी उतरायचं त्याचं.

कुठंही गेले तरी सकाळी ते ओसरीवर मांडी घालून बसायचे. आरसा तांब्याला टेकवून उभा. मग त्या घरातलं एक पोर गरम पाणी आणायला धावायचं, दुसरं आरसा घसरतोय म्हणून धरून बसायचं, म्हातारी खांबाला टेकून चौकशी करायला लागायची, घरमालक आपलीही दाढी वाढल्याचं आठवून समोर येऊन बसायचा. फेस वाळेपर्यंत जमिनीचा वाद, सुनेचं बाळंतपण आणि विहिरीचं पाणी कुठवर आलंय हे सगळं बाबांना कळलेलं असायचं. उजवा गाल झाला की मत द्यायचे. डाव्या गालाला ते मत बदलायचे. हनुवटीखाली मात्र गप्प. तिथं त्यांचा हात नेहमी चुकायचा आणि घरभर तुरटी, तुरटी अशी हाक जायची. तुरटी त्यांच्याच मांडीखाली असायची.

त्या ब्लेडला निवृत्ती नव्हती. बाबांची चौथी दाढी झाली की ते आईकडे जायचं, उसवण काढायला. आईच्या हातून बोथट झालं की मधोमध मोडून अर्धं माझ्या कंपासपेटीत, पेन्सिलीला टोक करायला. दुसऱ्या अर्ध्यानं आजोबा नखं काढायचे. एका दाढीच्या पात्यावर तीन पिढ्यांचं चालायचं. उलट आमच्या घरात आजवर बिघडलेली चार मशिनं आहेत. ती एका डब्यात आहेत आणि त्यांच्या वायरी दुसऱ्या डब्यात. दोघांची गाठ पडणार नाही याची काळजी कोण घेतं कोण जाणे.

मोडण्यावरून आठवलं. आमच्या स्टेशनाजवळच्या सलूनमधला माणूस आजही गिऱ्हाईक खुर्चीत टेकलं की नवं ब्लेड पाकिटातून काढतो, कागदातून बाहेर न काढताच दोन बोटांत वाकवतो आणि 'टक्' करून उभं दुभंगतो. अर्धं वस्तऱ्याच्या खाचेत सरकवतो, अर्धं कागदासकट वरच्या खिशात. हे तो आरशात तुमच्याकडे बघत करतो, तुम्ही बघितलंत ना याची खात्री करून घेत. पूर्वी असं नव्हतं. एकच वस्तरा, चामड्याच्या पट्ट्यावर चारदा घासला की पुढचा गाल. नव्वदच्या दशकात एड्सची धास्ती आली आणि न्हाव्याच्या खुर्चीवर कोण आधी बसलं होतं याचा विचार माणसं करायला लागली, तेव्हापासून ही 'टक्' सुरू झाली. मला तो आवाज ऐकला की बरं वाटतं. पण प्रवासात या सलूनचा भरवसा नाही. परगावी नेमका आपला वार सोमवार निघतो.

मशीन पहिल्यांदा कामावर असताना बघितलं ते लोकलमध्ये. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. बदलापूर ते व्हीटी 68 किलोमीटर, फास्ट मिळाली तरी दीड तास धरायचा. एवढ्या वेळात माणूस घरी राहिलेली सगळी कामं करतो. भाजी निवडणाऱ्या बायकांचं कौतुक सगळ्यांनी केलंय, पण आमच्या डब्यातल्या एका काकांचं कोणी केलं नाही. ते डोंबिवलीच्या पुढे कुठल्याशा बँकेत होते आणि सकाळच्या गाडीत खिडकी धरून दाढी करायचे. सेलवरचं, मुठीत मावणारं मशीन. गाडी सुटली की ते सुरू. अंबरनाथला उजवा कल्ला. उल्हासनगर-विठ्ठलवाडी हा उजवा गाल. कल्याणला गर्दीचा लोंढा आत यायचा, कोपर लागायचे, म्हणून तिथं मशीन बंद आणि डोळेही बंद. ठाकुर्लीपासून डावी बाजू. मिशीच्या कडा मात्र ते राखून ठेवायचे पारसिकच्या बोगद्यासाठी. 1916 सालचा तो सव्वा किलोमीटरचा बोगदा, तेव्हा फास्ट लोकल त्यातूनच जायच्या. बाहेर काळोख झाला की खिडकीची काच आरसा व्हायची. दिवसभरात तेवढाच एक फुकटचा आरसा, आणि दीडेक मिनिटाचा.

त्याच डब्यात आमचं भजनी मंडळ. टाळ, एक छोटी ढोलकी आणि पाठ अभंग. काकांच्या मशीनचा एक ठरलेला सूर लागायचा आणि बुवा सुरुवातीला वैतागायचे. पुढे पुढे मात्र ते मशीन सुरू व्हायची वाट बघायला लागले. सेल उतरले की सूर उतरायचा आणि अख्खं भजन खाली यायचं. "काका, सेल बदला, आज ज्ञानेश्वरमाउली खर्जात गेली," असं बुवांनी एकदा सुनावलं होतं.

मला त्या काकांचा हेवा वाटायचा. घरी सकाळची वीस मिनिटं वाचणं म्हणजे आमच्या पट्ट्यात काय असतं हे बाहेरच्याला कळणार नाही. आमच्याकडे अंबरनाथ-उल्हासनगरची माणसं बसायला जागा मिळावी म्हणून आधी उलटी बदलापूरला येतात आणि त्याच गाडीनं परत जातात. बदलापूरचा माणूस फलाटावर पोचतो तेव्हा बदलापूर लोकल आधीच भरलेली असते. वीस मिनिटं म्हणजे सीट. मग गाल गुळगुळीत काय करायचेत, उभ्यानं जाताना कोण बघतंय?

म्हणून मशीन घ्यायचं ठरलं आणि अर्थातच उल्हासनगरला गेलो. आमच्या भागात काहीही घ्यायचं झालं की पाय तिकडेच वळतात. दुसऱ्या महायुद्धातली ही लष्कराची छावणी. फाळणीनंतर सिंधमधून उखडलेल्या माणसांना त्या बराकींत आणून ठेवलं आणि 8 ऑगस्ट 1949 ला राजगोपालाचारींनी गावाला उल्हासनगर हे नाव दिलं. नदीचं नाव, पण त्या वेळी तिथं उल्हास शोधून काढावा लागला असणार. अजून पत्ता सांगताना लोक कॅम्प एक, कॅम्प पाच असंच सांगतात. बराकींत राहून या माणसांनी पापडापासून जीन्सपर्यंत सगळं करायला घेतलं आणि जगात कुठंही बनणारी वस्तू इथंही बनू शकते हे सिद्ध केलं. त्यावरूनच तो जुना विनोद: 'मेड इन यूएसए', म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन. हा विनोद मी पहिल्यांदा एका सिंधी दुकानदाराच्याच तोंडून ऐकला आणि सगळ्यात मोठ्यानं तोच हसला.

माझ्या मशीनवर एका परदेशी कंपनीचं नाव होतं, मधलं एक अक्षर सोडून. "लाइफटाइम चलेगा, साईं," दुकानदार म्हणाला. कोणाचं लाइफटाइम हे विचारायचं राहून गेलं. पहिल्या सकाळी लोकलमध्ये खिडकीत बसून मोठ्या ऐटीत ते गालावर धरलं. ते केस कापत नव्हतं. ते केस पकडून ठेवायचं आणि मी मान मागे घेतली की केस माझ्याकडे परत यायचा, मुळासकट. डोळ्यांतून घळाघळा पाणी. समोर बुवांचा अभंग रंगात आलेला. शेजारचा गृहस्थ माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "भाव आहे हो तुमच्यात." बिनपाण्यानं म्हणतात ती इतकी पाण्याची असते हे मला तेव्हा कळलं.

पुढे चांगली मशिनंही आली, मुलानं आणून दिली, त्याबद्दल तक्रार नाही. या यंत्राचा जन्मच मुळी प्रवासातल्या गैरसोयीतून झालेला आहे. जेकब शिक नावाचा अमेरिकन लष्करी अधिकारी. अलास्काकडच्या कडाक्याच्या थंडीत दिवस काढताना त्याला पाण्याशिवाय दाढीची कल्पना सुचली म्हणतात, कारण तिथं दाढीला पाणी हवं तर आधी बर्फ वितळवावा लागे. 1930 साली त्याला पेटंट मिळालं, 1931 ला मशीन बाजारात आलं. त्याआधीचं जिलेटचं बदलत्या पात्याचं रेझर 1904 च्या पेटंटचं, आणि तेही घरोघर पोचलं ते पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैनिकांना वाटल्यामुळे. म्हणजे दोन्ही हत्यारं शिपायांची, घरापासून लांब असलेल्यांची. एकाला पाणी लागतं, दुसऱ्याला वीज. आता ज्या गावात दोन्हीचा भरवसा नाही तिथल्या माणसानं काय करावं याचा विचार ना जिलेटनं केला ना शिकनं. त्यांना बदलापूर कुठून ठाऊक असणार?

26 जुलै 2005 नंतरची आमची अवस्था सांगतो. त्या पावसानं सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटरची नोंद झाली, आणि इकडे उल्हास नदी बदलापुरात शिरली. तळमजल्यावरचे शेजारी आमच्या घरात मुक्कामाला. ज्यांचं खरोखर गेलं त्यांच्यापुढे दाढीचं बोलायचीही लाज वाटावी असे दिवस. वीज नाही, त्यामुळे मशीन मेलेलं. खाली जिन्यापर्यंत पाणी आणि वर नळाला थेंब नाही. प्यायचं पाणी दाढीला वापरायची कोणाची टाप नव्हती. पाचव्या दिवशी आम्ही सहा पुरुष एका गच्चीवर बसलो होतो, सगळ्यांचे चेहरे एकाच सुतकातले वाटावेत असे. मग तळमजल्यावरच्या देशपांड्यांनी पागोळीचं पाणी बादलीत धरलं आणि बाबांचं ते तीन तुकड्यांचं रेझर माळ्यावरून काढलं. एक ब्लेड. डेटॉलच्या कपात बुडवून एकामागून एक सहा दाढ्या झाल्या. 'टक्' नाही, काही नाही. सहाव्या माणसाच्या गालाचं काय झालं ते मी सांगत नाही. तो मीच होतो.

विमानप्रवासात हा प्रश्न सरकारनंच सोडवून ठेवलाय, पण उलटा. सुटं ब्लेड हातातल्या बॅगेत चालत नाही, ते मोठ्या बॅगेत टाकून खाली द्यायचं. मशीन चार्ज करायची पॉवर बँक खालच्या बॅगेत चालत नाही, ती हातात ठेवायची. बेंगळुरूला मुलाकडे जाताना मी दोन्हींची अदलाबदल केली होती. तपासणीच्या पोरानं पाच ब्लेडांचं पाकीट शांतपणे एका टोपलीत टाकलं. टोपलीत कात्र्या, नेलकटर, एक पोहे परतायचा उलथनाही होता. कोणीतरी सून गाठायला निघालेली सासू असावी.

असो. परवाचं सांगत होतो. बायकोनं "एक ठरवा" म्हटल्यावर मी धीर करून मशीन ठेवलं आणि ब्लेड काढलं. कारण गाडीतली दाढी. रेल्वेच्या बेसिनचा नळ खालून वर दाबून धरला तरच पाणी येतं. सोडला की बंद. म्हणजे एक हात नळाला, एक हात रेझरला आणि गाडी सांधे बदलताना धरायला तिसरा हात हवा. शिवाय मागे टूथब्रश तोंडात घेतलेली रांग. तिथं ब्लेड म्हणजे आत्मघात. मशीन कसं, आपल्या बर्थवर पडल्या पडल्या, कोणाला काही न मागता.

गाडीनं बदलापूर सोडलं. गॅलरीतला दिवा चालू होता. वांगणीच्या अलीकडे बाहेर बघत बसलो. 27 जुलै 2019 ला हीच गाडी इथंच पुरात अडकली होती, हजारावर माणसं बोटींनी काढली. त्या रात्रीच्या प्रवाशांच्या दाढीचं काय झालं असेल असा विचार मनात आला आणि हिला सांगावासा वाटला, पण मी सुज्ञपणे झोपलो.

लोणावळ्याच्या आसपास जाग आली ती कोणाच्या तरी "ए, हे काय वाजतंय?" या आवाजानं. डब्यात दिवे लागलेले. सीटखालून एक दबका, सलग घूं घूं आवाज येत होता. माणसं पाय वर घेऊन बसलेली. एकानं साखळीकडे बघितलं. "बॅग कोणाची? कोणाची बॅग आहे ही?" मी गप्प. आमची ही मात्र स्पष्ट म्हणाली, "यांची. दाढी करतेय ती." कपड्यांच्या दाबानं बटण सरकलं होतं. माझा बुशकोट बराच गुळगुळीत झाला होता. बॅग उघडून मशीन बंद करीपर्यंत त्यानं शेवटचा श्वास घेतला. चार्जर शोधला. तो बदलापूरला, वायरींच्या डब्यात. आणि असता तरी रात्री अकरा ते पहाटे पाच गाड्यांमधलं चार्जिंग बंद ठेवतात.

सकाळी कोल्हापूर. सोमवार. सलूनला कुलूप. गालावर दीड दिवसाचे पांढरे खुंट, आणि संध्याकाळी हळद. पांढऱ्या खुंटांवर हळद बसली की माणूस कसा दिसतो हे मी माझ्या सासऱ्यांच्या एका फोटोत बघून ठेवलंय.

मेव्हण्यानं दारातच तोंडाकडे बघितलं. "काय दाजी, मशिन घिऊन आलाय न्हवं?"

"बंद पडलंय."

"मग बसा की. बंबात पाणी हाय."

बसलो. एक पोर तांब्या घेऊन आलं. मेव्हण्यानं आपलं रेझर दिलं, नवं ब्लेड कागदातून काढून दिलं, दुसरं स्वतःसाठी ठेवलं आणि समोरच स्टूल ओढून बसला. आरसा आतल्या खोलीतला, कोणीतरी भिंतीवरून उतरवून आणून खिडकीत ठेवला. त्याच्या काचेवर बायकांनी रोज रात्री चिकटवून ठेवलेल्या टिकल्या, लाल, मरून, एक हिरवी, दोन खड्यांच्या. फेस केला. मेव्हणा मांडववाल्यानं कसं गंडवलं ते सांगायला लागला. उजवा गाल झाला तेव्हा व्याही माणूस चांगला आहे असं कळलं. डाव्या गालाला तसं नाही असं कळलं. मी होला हो करत हनुवटी वर केली, मान जरा तिरकी केली, आणि तांब्यावाला पोरगा आतल्या बाजूला ओरडला,

"आत्ये, बघ की गं, दाजींनी टिकली लावली!"

आरशात बघितलं. बरोबर दोन भुवयांच्या मधे, मरून, मध्यम आकाराची. हलावं तर हनुवटीखालचा हात चुकतो. मी तसाच बसून राहिलो.

"तुरटी कुठाय?" मी विचारलं.